संतूचं सुतक

आमच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, वाचणारीला बिड्या वळाव्या लागत नसत. हा नियम कुणी घातला ते मला ठाऊक नाही, पण माझ्या जन्माआधीपासून तो चालत आलेला होता. दुपारची भाकरी झाली, भांडी पालथी पडली, की गल्लीतल्या बायका आपापलं सूप घेऊन आमच्याकडं यायच्या आणि भिंतीला पाठ लावून बसायच्या. मांडीवर सूप, सुपात एका बाजूला ओलसर कापलेली पानं, दुसऱ्या बाजूला तंबाखू. पान गुंडाळायचं, टोक मुडपायचं, दोऱ्याचा वेढा द्यायचा, की पुढचं पान. निपाणीत हात कधी रिकामे नसतात, पण कान असतात. म्हणून एकीनं मोठ्यानं वाचायचं आणि उठताना बाकीच्यांनी तिच्या सुपात मूठमूठ बिड्या टाकायच्या. माझ्या वेळी गल्लीतल्या बायकांत अक्षर ओळखणारी मी एकटी, त्यामुळं शाळेत असल्यापासून ते काम माझ्याकडं. बिड्या तपासायला बसणारा कारखान्याचा माणूस माझ्या बिड्या हातात घेऊन चक्रावायचा. एक जाड, एक बारीक, एकीची गाठ डावीकडं, एकीची उजवीकडं. तुझ्या बोटांचं रोज आपसांत भांडण होतं काय गं, असं तो विचारायचा. मी मान खाली घालून होय म्हणायची.

पोथ्या वाचून झाल्या, महिन्यांची व्रतं झाली, वर्तमानपत्रातल्या खुनाच्या बातम्या तर मी नाटकासारख्या वाचायची. मग मी कॉलेजात गेले. आमच्या घराण्यात माझ्या आधी कुणी कॉलेजच्या पायरीवर बसून डबासुद्धा खाल्ला नव्हता, आणि मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, तेही पहिल्या दणक्यात. हे मी आधीच सांगून टाकते. शेवटी सांगितलं तर लोकांना वाटतं बाई लाजते आहे, आणि मी काही लाजत नाही.

शेवटच्या वर्षाला आम्हाला एक अमेरिकन कविता होती. कविता म्हणजे चार ओळींची नव्हे, अख्खी गोष्ट, पानंच्या पानं. तिचं नाव मी सांगणार नाही. नाव सांगितलं की आमची नातवंडं मोबाईलवर आधी शेवट वाचतात आणि मग म्हणतात, आजी, बोअर आहे. पाणचक्कीवाल्याची एक मुलगी, आणि नदीतून लाकडाचे तराफे खाली शहराकडं नेणारा एक मुलगा. दोघांचं एकमेकांवर मन बसलेलं. मुलीचा बाप म्हणतो, आधी चार पैसे मिळवून ये. तो जातो आणि येत नाही. वाट बघून बघून एका सकाळी ती नदीच्या काठाकाठानं त्याला शोधायला निघते, आणि तो त्याच दिवशी परत यायला निघतो, दुसऱ्या काठानं. मध्ये नदी आणि नदीवर धुकं. कवी असा लबाड, की दोघांना समोरासमोर आणतो, तिला त्याची शीळ ऐकवतो, आणि पुढं चालायला लावतो. आमचे इंग्रजीचे सर हा भाग वाचायला लागले की मागच्या बाकावर झोपलेली पोरंही जागी व्हायची. निम्मे शब्द मला कळत नव्हते. पण ओळ कशी ओढली जाते आणि कशी सोडली जाते ते कळायचं. वल्हं पाण्यात पडावं आणि वर यावं तशी ती कविता चालायची. घरी येताना हायवेच्या कडेनं चालत मी ती तोंडात घोळवायची आणि ट्रकवाले हॉर्न मारायचे.

एका दुपारी वाचायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी तीच सांगायला घेतली. पहिली अडचण नावांची. ती इंग्रजी नावं कुणाच्या जिभेवर बसेनात. तेव्हा आक्कानं हुकूम सोडला, "नावं आपली ठेव. माणूस कुठलंबी असू दे, हाक मारायला नाव बरं पायजे." आक्का म्हणजे माझ्या आप्पांची थोरली बहीण. सोप्यात तिची जागा खांबापाशी, आणि घरात तिचा शब्द आप्पांच्या वर. म्हणून मुलीचं नाव चंद्रा झालं आणि मुलाचं संतू.

आक्काबद्दल इथंच सांगून ठेवायला हवं. तिचा नवरा तंबाखूच्या ट्रकबरोबर खालच्या मुलखात गेला तो परत आला नाही. ट्रक आला नाही, माणूस आला नाही, निरोप आला नाही. मी तेव्हा पाळण्यात होते. मेला म्हणावं तर कुणी पाहिलं नाही, आहे म्हणावं तर कुठं आहे. आक्का माहेरी आली, सूप मांडीवर घेतलं आणि रोज सकाळी आरशात बघून बंद्या रुपयाएवढं कुंकू लावत राहिली. गल्लीत त्या कुंकवावर पुष्कळ बोललं जायचं, तिच्या पाठीमागं. तोंडावर बोलायची छाती कुणाची नव्हती.

तर संतू आणि चंद्रा आमच्या सोप्यात राहायला आले. शेजारच्या हौसाकाकू पहिल्या दिवसापासून संतूच्या विरोधात. चार पैसे मिळवायला एवढा वेळ लागतो काय, त्यानं तिकडं दुसरी केली असणार, हे त्यांचं मत. शांतव्वा कानडी, तिला मराठी पुरतं कळायचं, पण घरी जाऊन ती सगळं सासूला कानडीत सांगायची. सासू म्हातारी, नजर गेलेली, दारातल्या कट्ट्यावर बसून असायची. येणाऱ्याजाणाऱ्याला ती संतूची खुशाली विचारू लागली. धुक्यातला प्रसंग मी सांगितला त्या दिवशी हौसाकाकूंनी हातातली बिडी सुपात आपटली. "दोघंबी एकदम निघाली, हितंच चुकलं," त्या म्हणाल्या. "एकानं तरी घरात बसायचं का न्हाय? आमच्या ह्यांच्यागत." हौसाकाकूंचे हे लग्नापासून घरातच बसलेले होते.

इकडं माझ्या लग्नाचं चाललं होतं. बोरगावचं स्थळ, आक्कानंच आणलेलं. मुलगा साखर कारखान्यात कारकून, घरची तंबाखूची शेती. त्यांना परीक्षेच्या आधीचा मुहूर्त हवा होता. मी परीक्षा होऊ द्या म्हणाले, तर आप्पा म्हणाले, बी.ए. होऊन भाकरीला जास्त पापुद्रा येतो काय. आप्पा वखारीत तंबाखूची पोती उचलायचे, दिवसभर शिंकायचे आणि घरी कमी बोलायचे. आई बोलायची, पण तिचं कुणी ऐकायचं नाही. उरली आक्का, आणि ती तर मुलाकडच्यांच्या बाजूची. मी पुष्कळ विचार केला आणि एका दुपारी गोष्ट मध्येच थांबवून अगदी साधेपणानं विचारलं, "आक्का, लावलेली पोथी अर्धी सोडून वाचणारीनं सासरी जायचं असतंय काय?"

आक्काचे हात थांबले. आमच्यात पोथी एकदा लावली की ती पुरी करायची, मध्ये मोडली तर घराला लागते, हे तिनंच मला शिकवलेलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी पानाकडं बघितलं. "पोथी ती येगळी," ती म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. हौसाकाकूंनी लगेच सांगितलं की संतूचं काय झालं ते कळल्याशिवाय पोरीला पाठवलीत तर आम्ही बोरगावला येऊन बसू. तेवढ्यावर बोलणी तात्पुरती थांबली. पाहुण्यांना निरोप गेला, पोथी चालू आहे, झाली की कळवतो.

मग मी गोष्ट लांबवायला लागले. आता अमेरिकेतल्या कवीला मी काय विचारायला जाणार. संतू तराफ्यावरून पडला, तापानं आजारी पडला, एका सावकाराच्या मुलीनं त्याला औषध दिलं, तेव्हा हौसाकाकू म्हणाल्याच, मी सांगितलं नव्हतं काय. मग सुचेना तेव्हा मी त्याला तंबाखूच्या वखारीत पोती उचलायच्या कामाला लावला. त्या संध्याकाळी जेवताना आप्पा भाकरी कुस्करत एकाएकी म्हणाले, वखारीत नवा माणूस घेतला की आधी त्याला तोंडाला फडकं बांधायला सांगावं, न्हाईतर छाती भरती. कुणाबद्दल बोलता, असं आईनं विचारलं. ते म्हणाले, कुणाबद्दल न्हाय, सांगून ठेवलं. मला तेव्हा काही उमगलं नाही. आमच्या सोप्याला आणि मधल्या खोलीला एकच कुडाची भिंत होती, आणि आप्पा दुपारच्या सुट्टीत त्या खोलीत झोपायला यायचे.

पण रबर किती ताणणार. शांतव्वाच्या लक्षात आलं की संतू तोच पूल तिसऱ्यांदा ओलांडतोय. आणि पाहुण्यांना आता धीर निघेना. बाजाराच्या दिवशी आम्ही पोरगी बघायला येतो, पोथी होवो न होवो, असा निरोप आला आणि आक्कानं होकार कळवला. मला विचारलंसुद्धा नाही. त्या गुरुवारी आईनं सकाळपासून शिरा आणि भडंग केलं, मला नवं लुगडं नेसवून सोप्यात आणून बसवलं. बायका रोजच्यासारख्या सूप घेऊन आल्या होत्या, पाहुणे बघायला मिळणार म्हणून जरा लवकरच. आक्का म्हणाली, गाडी यायला वेळ हाय, तवर वाच की.

मला असा राग आला होता. मी म्हटलं, वाचते. आज संपवते.

आणि मी एकही शब्द माझा न घालता शेवट सांगितला, कवीनं लिहिला होता तसा. चंद्रा हिंडून हिंडून चक्कीवर परत येते. थंडी पडते, नदी गोठते. इथं शांतव्वानं विचारलं, नदी कशी गोठेल, आपली वेदगंगा कधी गोठली काय. मी सांगितलं, बर्फाच्या लादीगत होते, वरून माणूस चालतो. एका संध्याकाळी चंद्रा दार उघडते तर पलीकडच्या काठावर संतू. तो हात वर करतो. पुलापर्यंत जायला दोन मैल चालावं लागणार, आणि इतक्या दिवसांनी ती समोर दिसतेय. तो सरळ बर्फावर पाय टाकतो. ती ओरडत नाही, कारण ओरडलं तर तो पळत येईल. तो पळतच येतो. मधोमध बर्फाचा आवाज होतो. मग पुढं कवी काही सांगत नाही, नुसतं उन्हाळ्याचं सांगतो. बर्फ वितळतं, पाणी वाहू लागतं, चक्कीचं चाक फिरायला लागतं, आणि एका सकाळी चाक थांबतं. कशात तरी अडकलंय म्हणून चंद्रा बघायला खाली उतरते.

हौसाकाकू, त्या संतूच्या वैरीण, तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. मला वाटलं, आता आक्का म्हणेल, बरी गोष्ट सांगितलीस पाहुणे यायच्या वक्ताला. तिनं मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं, उठली, परसात गेली, आणि न्हाणीच्या दगडावर बसून लुगड्यासकट डोक्यावरून घागर ओतून घेतली. एक झाली, दुसरी घेतली. मयताची बातमी कानावर आली की आमच्यात बाई तशी अंघोळ करते. हौसाकाकूंनी तिला बघितलं आणि त्याही उठल्या. मग शांतव्वा. आई स्वयंपाकघरातून कलथा घेऊन बाहेर आली, कोण गेलं गं, म्हणाली. आक्का पाण्यातनं म्हणाली, "संतू गेला. सापडला पर. चूल इझीव."

आईनं चूल विझवली. आमच्या घरात आक्काला प्रश्न विचारायची पद्धत नव्हती.

आणि नेमके तेव्हाच पाहुणे दारात. पुढं तात्या, म्हणजे मुलाचे चुलते, फेटा बांधलेले, मागं मुलगा, त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा. समोर तीन बायका ओल्या केसांनी, चूल थंड, आणि नव्या लुगड्यात मी. तात्या उंबऱ्यातच थांबले. कोण वारलं, त्यांनी हळू विचारलं. आक्कानं केसांचं पाणी पिळलं आणि सांगितलं, "आमचा संतू. अमेरिकेत हुता."

मी जमिनीकडं बघत राहिले. हसू आलं असतं तर सगळंच गेलं असतं. तात्यांनी फेट्याला हात लावला. अमेरिकेत, ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. तेवढ्यात वखारीतून आप्पा आले. दारात पाहुणे, ओल्या बायका, विझलेली चूल बघून त्यांनी आधी टोपी काढून हातात घेतली आणि मग आईला डोळ्यांनी विचारलं, कोण. आईनं ओठ हलवले, संतू. मला वाटलं, संपलं. आता आप्पा विचारणार, कोण संतू, आणि आम्ही सगळ्या उघड्या पडणार.

आप्पा भिंतीला टेकून खालीच बसले. मग टोपीकडं बघत म्हणाले, "लई गुणाचा पोरगा हुता ओ. एवढ्या तापातनं उठला, आन् आता गेला."

त्या क्षणी मला कळलं की कुडाच्या भिंतीपलीकडं इतके दिवस कुणी झोपत नव्हतं.

तात्या त्यांच्याजवळ बसले. कशात होता, त्यांनी विचारलं. आप्पा म्हणाले, वखारीत, तंबाखूच्या. तात्या स्वतः तंबाखू पिकवणारे. दुखवट्याच्या घरात विचारू नये हे त्यांना कळत होतं, पण न राहवून त्यांनी विचारलंच, तिकडं दर काय मिळतोय. आप्पा म्हणाले, ते काय कळवलं न्हाय त्यानं. तात्यांनी मान हलवली. मग माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, पोरगी इंग्रजी घेऊन शिकते ना, म्हणजे तिकडची पत्रं वाचायला, उत्तरं लिहायला हीच असणार. आक्का म्हणाली, हीच. समदं हीच सांगती आमाला, तिकडं काय घडलं ते.

यात खोटं काय होतं, हे आजही कुणी मला सांगावं.

सुतकात बघण्याचा कार्यक्रम होत नाही, म्हणून ते पाण्याला न शिवता उठले. जाताना तात्या म्हणाले, एवढं शिकलंय तर पोरीचा शेवटचा पेपर होऊ द्या, मुहूर्त काय पुढं मिळतील, अमेरिकेशी संबंध आहे म्हटल्यावर इंग्रजी अर्धं सोडून चालायचं नाही. आप्पांनी मान डोलावली, जशी काही ती त्यांचीच इच्छा होती. तात्या माणूस सावध. गल्लीच्या तोंडाला त्यांनी थांबून खात्री करून घेतली, असं नंतर कळलं. कुणाला विचारलं, तर कट्ट्यावरच्या शांतव्वाच्या सासूला. आम्ही पाहुण्यांत असतानाच शांतव्वा घरी जाऊन तिला सांगून आली होती. म्हातारी कपाळ बडवत म्हणाली, "संतू होदऽ, संतू होदऽ," म्हणजे संतू गेला. कानडीतनं रडणारी म्हातारी खोटं कशाला रडेल. तात्यांची शंका तिथंच फिटली.

पाहुणे गेल्यावर शिऱ्याचं भांडं तसंच झाकलेलं होतं. सगळ्या त्याच्याकडं बघत होत्या. शेवटी आईनंच झाकण काढलं. आपलं सुतक असतं तर चाललं नसतं, ती म्हणाली, पण अमेरिकेच्या सुतकाला गोड चालतंय. तिचं म्हणणं घरात मान्य झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्या पेढ्याच्या पुड्यावाल्याशीच माझं पुढं लग्न झालं. हे लिहिते आहे तेव्हा तो बाहेर खुर्चीत बसून भुईमुगाच्या शेंगा फोडतोय. लग्नात त्याच्याकडच्या निम्म्या बायका अमेरिकेचं कोण आलंय म्हणून माना उंचावत होत्या. मी त्याला खरं सांगितलं ते लग्नानंतर पहिल्या गौरीच्या सणाला. त्यानं हातातलं फुलपात्र खाली ठेवलं. मला वाटलं, आता हा मला माहेरी पोचवतो. मग त्यानं विचारलं, "पण तो बर्फावरनं का आला? पुलावरनं यायचं की." तेव्हा मला कळलं की या माणसाबरोबर दिवस बरे जाणार. तात्यांना मात्र आम्ही कधीच सांगितलं नाही. ते शेवटपर्यंत तंबाखूचा भाव पडला की म्हणायचे, संतू असता तर विचारलं असतं.

सुतक फिटायचा दिवस आणि माझा पहिला पेपर लागून आले. आक्कानं सगळं रीतीनं केलं. जमिनीवर झोपली, तेलाचा हात केसाला लावला नाही, आणि इतके दिवस कपाळ मोकळं ठेवलं. कुणी काही विचारलं नाही. आप्पासुद्धा तिच्या खांबाजवळून जाताना हळू चालायचे. फिटायच्या दिवशी सकाळी ती न्हाली, खुंटीचा आरसा काढून खांबाला टेकवला आणि कुंकवाचा करंडा उघडला. बायका सुपं घेऊन आल्या होत्या. हौसाकाकूंना इतक्या वर्षांत धीर झाला नव्हता तो त्या दिवशी झाला. "आक्का, आता काय लावतीस?" त्या म्हणाल्या. "एवढं सुतक धरलंस. मनाला पटलंय न्हवं आता? मग ऱ्हाऊ दे की मोकळं कपाळ."

आक्कानं आरशातून नजर काढली नाही. बोट करंड्यात बुडवलं, कपाळाच्या मधोमध टेकवलं आणि गोल फिरवत फिरवत पहिल्याएवढं मोठं केलं. मग म्हणाली, "सुतक मी संतूचं धरलंतं. कुंकू माझं हाय."

हौसाकाकूंनी सुपात तोंड घातलं. आक्कानं आरसा खुंटीला लावला, खांबापाशी बसली, सूप मांडीवर ओढलं आणि मला म्हणाली, वाच. मी म्हटलं, आक्का, उद्या पेपर हाय, आज अभ्यास करू दे. ती म्हणाली, मग अभ्यासच वाच, मोठ्यानं. म्हणून त्या दुपारी आमच्या सोप्यात मी गाईडमधलं त्या कवितेचं रसग्रहण वाचलं, शोकात्म जाणिवेपासून निसर्गप्रतिमांपर्यंत, आणि त्यातलं एक अक्षर कुणाला कळलं नाही, मलाही फारसं कळलं नव्हतं. पण मध्ये कुठं संतूचं खरं नाव आलं की मी थांबायची आणि सांगायची, हा आपला संतू. बायका माना हलवायच्या. कुडापलीकडं आप्पा एकदा शिंकले. आणि उठताना प्रत्येकीनं माझ्या सुपात मूठभर बिड्या टाकल्या. आक्कानं दोन मुठी टाकल्या.